चक्रव्यूह : स्पेक्ट्रमवर आठ महिने

"मामा, माझा स्कोअर चार झाला!"

चार हजार नाही, नुसता चार. भाची 'चक्रव्यूह' खेळत होती, म्हणजे गल्ल्यांतून दाणे खात भुतांपासून पळायचा खेळ, आणि तेव्हा ६५,५३० वर होती. तिनं एक दाणा खाल्ला आणि आकडा कोसळला. या खेळात दाण्याला दहा गुण आणि भुताला दोनशे, म्हणजे शेवटी शून्यच यायला हवं. मग चार आला कुठून? मी अंबाजोगाईला सरांना फोन लावला. खेळ त्यांनीच घरी बसून असेंब्लीत, म्हणजे थेट प्रोसेसरच्या भाषेत लिहिलाय. सर आधी पोटभर हसले, मग म्हणाले, "अहो, तिथवर कुणी जिवंत जाईल असं वाटलंच नव्हतं." स्कोअर सोळा बिटांत, म्हणजे शून्य-एकाच्या सोळा घरांत ठेवला होता आणि त्याची मजल ६५,५३५ पर्यंतच. ६५,५४० मधून ६५,५३६ वजा करा, राहिले चार. ज्याच्यावरून हा बेतलाय त्या १९८० च्या मूळ पॅकमॅनमध्ये, म्हणजे नाणं टाकून खेळायच्या मशीनवर, २५६ व्या लेव्हलला अर्धा पडदा कचऱ्यानं भरतो, तो याच जातीचा घोटाळा. एका बाइटमध्ये, म्हणजे आठ बिटांत, २५५ च्या पुढं जागाच नसते. पंधरा दिवसांत दुरुस्त प्रत आली. आता प्रत्येक अंक वेगळा साठवलेला आहे.

दिवाळीत हा खेळ घरात आला, आता मृगही सरला. आमचं घर लातूरला. मशीन दादाचं, ऐंशीच्या दशकाच्या शेवटी घेतलेलं ४८के स्पेक्ट्रम प्लस, म्हणजे टीव्हीला जोडायचा, ४८ किलोबाइट मेमरीचा घरगुती संगणक. कीबोर्डाखालचा पातळ पडदा वयोमानानं तडकला होता, तो बदलून घेतला. टीव्हीला जुन्या अँटेनाच्या वाटेनं चित्र भुरकट यायचं, म्हणून बाजारातल्या रिपेअरवाल्या पोरानं आतून एक वायर काढून सरळ व्हिडिओच्या पिनवर दिली. आता चित्र स्वच्छ आहे.

मुळात मला धाक होता तो पॅकमॅनच्या नकलेचा. पॅकमॅनचा पडदा उभा, २२४ बाय २८८ ठिपक्यांचा. स्पेक्ट्रमचा आडवा, २५६ बाय १९२. उभं लुगडं आडव्या दोरीवर वाळत घालावं तसे बरेच जण तोच नकाशा चेपून बसवतात आणि गल्ल्या इतक्या बारीक होतात की भूत कुठलं अन् दाणा कुठला तेच कळत नाही. सरांनी नकाशाच नवा काढला, रुंद आणि ऐसपैस. दोन्ही मशीनमध्ये प्रोसेसर एकच, झेड-८०. उलट आपला थोडा वेगवान, साडेतीन मेगाहर्ट्‌झचा, तिकडं तीनच्या जरा वर. फरक इतकाच की तिकडं भुतं हलवायला वेगळं हार्डवेअर आहे आणि इथं प्रत्येक ठिपका प्रोसेसरलाच पुसून पुन्हा काढावा लागतो. म्हणून चारही भुतं एका ओळीत आली की थोडी लुकलुकतात. पहिला आठवडा डोळ्यांना खुपलं, नंतर त्याच लुकलुकीवरून मी धोका ओळखायला शिकलो.

भुतांच्या स्वभावाबद्दल सांगायलाच हवं. एक सरळ पाठीमागं येतं. दुसरं तुमच्या तोंडासमोर चार घरं पुढं नेम धरतं, म्हणजे तुम्ही पळताय त्याच बाजूनं आडवं येतं. हे दोघं मूळ खेळातूनच उचललेत. तिसरं आपलं भटकतं आणि चौथं मधल्या चौकात पाटलासारखं बसून राहतं. खाली डाव्या हाताला एक कोपरा आहे, तिथं तोंड भिंतीकडं करून उभं राहिलं की कुणीच येत नाही. भाची त्याला 'देव्हारा' म्हणते. सरांना सांगितलं, तर म्हणाले राहू द्या, लेकराला पाणी प्यायला तरी उसंत मिळते.

पण आठ महिने टिकलं ते पाचव्या लेव्हलमुळं. स्पेक्ट्रमची जुनी रड अशी, की आठ बाय आठ ठिपक्यांच्या चौकटीत दोनच रंग बसतात. त्यामुळं लाल भूत निळ्या भिंतीला घासलं की भिंतही लाल होते. सरांनी गल्ल्या आणि भुतं नेमक्या चौकटींच्या मापात बसवून हा त्रास जवळपास संपवला. आणि पाचव्या लेव्हलला तोच दोष कामाला लावला! सगळ्या ७६८ चौकटींची शाई (ठिपक्यांचा रंग) काळी आणि कागदही (मागचा रंग) काळा. भिंती, दाणे, भुतं सगळं जागच्या जागी काढलेलं असतं, पण दिसत काहीच नाही. फक्त तुमच्या भोवतीच्या दोन-दोन घरांत रंग उजळतो. ठिपके हलवायचे नाहीत, नुसते रंग बदलायचे, म्हणून मशीनलाही ओझं नाही. पहिल्यांदा ती लेव्हल लागली तेव्हा मी मोठ्यानं म्हणालो, "अरे, ही तर देवगिरीची अंधारी!" शाळेच्या सहलीत किल्ल्याच्या त्या अंधाऱ्या भुयारात वाटाड्यानं मधोमध टेंभा झाकला होता आणि वटवाघळांची फडफड तेवढी ऐकू आली होती. इथंही भूत आधी ऐकूच येतं. जवळ आलं की टकटक भरभर होते.

आवाजाचं एवढं एकच कौतुक. बाकी वेळ तो कढईत फुटाणे तडतडल्यासारखा चालू असतो आणि बंद करायची सोयच नाही. बायको एकदा दारातूनच म्हणाली, "अजून किती वेळ भाजायलाव?" पॉझचं बटणही नाही. याबद्दल मी सरांशी दोनदा भांडलोय.

स्पेक्ट्रमवर खेळ कॅसेटच्या आवाजातून मेमरीत चढतो. कॅसेटही मिळाली होती, पण मी तोच आवाज फोनवरून वाजवून लोड करतो. हेडफोनच्या भोकातून वायर, आवाज फुल, अडीच मिनिटं. मात्र फोन फ्लाइट मोडला टाका. एकदा निळ्या-पिवळ्या पट्ट्या शेवटाला आल्या असताना कुणाचा तरी 'शुभ सकाळ' टिंग करून आला आणि 'टेप लोडिंग एरर'!

उन्हाळ्यात हाल झाले. मे महिन्यात दुपारी मशीनवर हात ठेवला तर इस्त्रीच. आतला ७८०५ रेग्युलेटर जास्तीचा व्होल्टेज नुसता उष्णता करून उडवतो. त्याच पोरानं त्या जागी स्विचिंग रेग्युलेटर बसवल्यापासून तापत नाही. लाइट गेली की मात्र मेमरी कोरी. इन्व्हर्टर असून खेळ का उडतो हे मला दोन महिने समजलं नव्हतं. इन्व्हर्टरच्या मागचं बटण साध्या मोडवर होतं आणि लाइट जाऊन बॅटरी लागेपर्यंतचा क्षणही स्पेक्ट्रमला सोसत नाही. यूपीएस मोडवर केलं, प्रश्न मिटला. गावात रोजच लाइटीचा खेळ असेल तर आधी हे बघा.

किल्ल्या क्यू, ए, ओ, पी. जॉयस्टिक असेल तर लावा, पण अंधारीत बोटंच बरी पडतात. पाच-सहा वर्षांच्या लेकरांना देऊ नका, पहिल्याच लेव्हलला रडतात. ज्यांना रंगीत, गुळगुळीत काही हवंय त्यांचा हिरमोड होईल. माझा अजून झालेला नाही. कधी मेलो तर चूक माझीच होती हे मेल्या मेल्या कळतं.

मशीन बंद केलं की स्कोअर पुसला जातो, म्हणून भाची तो स्वयंपाकघरातल्या कॅलेंडरवर लिहिते. जूनच्या चौकटीत तिचे ७१,२४० आहेत, लाल पेननं. त्याखाली माझे ३८,९००. ते तिनं पेन्सिलीनं लिहिलेत.