अधूनमधून भाषण की रोजची पत्रकार परिषद?

साथीच्या काळात नेत्याने लोकांशी कसं बोलावं, हे तुम्हाला ठरवायचं असेल तर ढोबळमानाने दोन वाटा आहेत. मोजक्या वेळी मोठं भाषण, नाहीतर रोज ठरलेल्या वेळी पत्रकार परिषद. कोरोनात मी एका लोकप्रतिनिधीच्या कार्यालयात फोन सांभाळत होतो. आम्ही दोन्ही करून पाहिलं.

भाषणाचं वजन मोठं, हे मान्यच. जर्मनीच्या तेव्हाच्या चान्सलर अँगेला मर्केल नववर्षाचा संदेश सोडला तर टीव्हीवरून थेट देशाशी बोलत नसत. म्हणूनच १८ मार्च २०२० ला त्या बोलल्या तेव्हा प्रकरण गंभीर आहे हे वेगळं सांगावं लागलं नाही. आपल्याकडे २४ मार्चला रात्री आठला पंतप्रधान बोलले आणि चार तासांत देश बंद झाला. एवढा निरोप एका दमात पोचवायला भाषणच हवं. पण त्याच चार तासांत लोक किराण्याला धावले, आणि 'घाबरू नका' हे ट्वीट करून सांगावं लागलं.

माझं मत फिरलं ते भाषणाआधीच्या तासांमुळे. 'साहेब रात्री लाइव्ह येणार' एवढंच बाहेर फुटायचं आणि फोन सुरू. दूध मिळेल का? गावी जाता येईल का? मलाच माहीत नसायचं! भाषण संपलं की फोन आणखी वाढायचे, कारण तपशील लेखी आदेशात, आणि तो उगवायचा मध्यरात्री. फोन काही मी मोजले नाहीत, पण जेवण गार झालेलं रोज आठवतं.

पुढे आम्ही पाचची वेळ बांधून घेतली. 'पाचला कळेल' म्हटलं की माणूस फोन ठेवायचा. नवीन काही नसलं तर 'आज बदल नाही' एवढंच सांगायचं. तेही लोकांना हवं असतं. केरळात तेव्हाचे मुख्यमंत्री पिनराई विजयन यांची संध्याकाळी सहाची वेळ होती, न्यूझीलंडमध्ये दुपारी एकची. तिथे तेव्हाच्या पंतप्रधान जसिंडा आर्डर्न यांच्या जोडीला आरोग्य महासंचालक ॲशली ब्लूमफील्ड असायचे, आणि मला ती जोडी जास्त आवडली.

अर्थात रोज बोलणं सगळ्यांना झेपत नाही. २३ एप्रिल २०२० ला ट्रम्प जंतुनाशक शरीरात टोचण्याबद्दल बोलून गेले आणि दुसऱ्या दिवशी जंतुनाशक बनवणाऱ्यांना खुलासे करावे लागले. तुमचे साहेब माइक दिसला की सुटत असतील, तर भाषणच लिहून द्या. फक्त आदेशाची प्रत आधी हातात घ्या.