हरकत नेमकी कशी लिहावी, हे शिकवणारे मदत केंद्र

मुंबईतील आमच्या उपनगरातल्या एका सार्वजनिक वाचनालयात दर शनिवारी संध्याकाळी दोन तास नगररचना मदत केंद्र चालते. विकास आराखड्यातील, म्हणजे शहरातील कोणती जमीन कशासाठी वापरायची हे ठरवणाऱ्या नकाशातील व नियमांतील, फेरबदलांवर सूचना व हरकती कशा नोंदवाव्यात, याचे मार्गदर्शन काही निवृत्त वास्तुविशारद तेथे विनामूल्य करतात. सोसायटीलगतच्या खेळाच्या मैदानाच्या आरक्षणात फेरबदल प्रस्तावित असल्याची सूचना वर्तमानपत्रात वाचल्यावर मी तेथे गेले.

मी दोन पानी मसुदा लिहून नेला होता. मुलांनी खेळायचे कुठे, मोकळी हवा कशी मिळायची, हे त्यात कळकळीने मांडले होते. केंद्रातील गृहस्थांनी तो शेवटपर्यंत वाचला आणि विचारले, ‘ताई, नगर भूमापन क्रमांक कुठे आहे?’ सरकारी नोंदीत जागा ज्याने ओळखली जाते, तो हा क्रमांक माझ्या मसुद्यात कुठेच नव्हता. मग त्यांनी मुंबईच्या ‘विकास आराखडा २०३४’ मधील आमच्या भागाचा नकाशा उघडला. त्यावर ‘आर.ओ.एस. १.४’ असा खेळाच्या मैदानाचा संकेत होता. आरंभीचा ‘आर’ म्हणजे केवळ आरक्षण, म्हणजे जागा मैदानासाठी राखून ठेवलेली. मैदान प्रत्यक्षात अस्तित्वात असते तर तेथे ‘ई’ असते. सर्वच संकेत इंग्रजीत असल्याने केंद्राने हाताने लिहून तयार केलेली मराठी सूची मला फार उपयोगी पडली.

या एका अक्षरामुळे माझी हरकतच बदलली. महाराष्ट्र प्रादेशिक व नगररचना अधिनियम, १९६६ च्या कलम १२७ नुसार, आराखडा अमलात आल्यापासून १० वर्षांत आरक्षित जमीन संपादित झाली नाही, तर जमीनमालक खरेदीसूचना (जमीन विकत घ्या, अशी लेखी नोटीस) बजावू शकतो आणि त्यानंतरच्या विहित मुदतीत संपादनाची पावले उचलली गेली नाहीत, तर आरक्षण व्यपगत होते, म्हणजे आपोआप संपते. म्हणून फेरबदलाला विरोध करतानाच, संपादन कोणत्या टप्प्यावर आहे, हा प्रश्नही आम्ही लेखी विचारला. एवढी नेमकी गोष्ट मला अन्यत्र कोणी सांगितली नसती.

नेमकेपणाचा हा आग्रह अनुभवातून आलेला आहे. फेब्रुवारी २०१५ मध्ये प्रसिद्ध झालेल्या प्रारूप आराखड्यात उभ्या इमारतींवरून रस्ते दाखवल्याच्या चुका नागरिकांनी जागा दाखवून उघड केल्या होत्या. तो आराखडा एप्रिलमध्ये मागे घेतला गेला, सुधारित प्रारूप २०१६ मध्ये आले आणि अंमलबजावणी २०१८ मध्ये सुरू झाली.

केंद्रात दोन उणिवा मात्र जाणवल्या. याच अधिनियमाच्या कलम ३७ खालील फेरबदलावर हरकतीसाठी साधारण एक महिनाच मिळतो. त्यात चार शनिवार येतात आणि पहिला रांगेतच जातो. सूचना निघालेल्या काळात तरी केंद्र आठवड्यातून दोनदा उघडावे. दुसरी उणीव अधिक गंभीर वाटते. हरकत दाखल झाल्यावर सुनावणी होते, याचा उल्लेख झाला, पण तिची तयारी कोणी करून घेतली नाही. सुनावणीत आम्हाला जेमतेम काही मिनिटे मिळाली आणि त्यांतील निम्मी कागद शोधण्यात गेली. एका पानाचे टिपण व ठळक खूण केलेला नकाशा सोबत असता, तर आमचे म्हणणे पूर्ण मांडता आले असते. ही सूचना मी केंद्राला लेखी दिली असून त्यांनी ती स्वीकारली आहे.

येथे जाणाऱ्यांनी मालमत्ता पत्रकाची प्रत, वर्तमानपत्रातील सूचनेचे कात्रण आणि जागेची तारखेसह छायाचित्रे सोबत न्यावीत. ही कागदपत्रे असली, की पहिल्याच भेटीत मसुदा तयार होतो.