टोरोंटोत मूळनिवासींचा सिनेमा पाहायचाय: जूनमधला इमॅजिननेटिव्ह की सप्टेंबरमधला टिफ?

लघुपट पाहायचे असतील तर जूनमध्ये इमॅजिननेटिव्ह या मूळनिवासींच्या, म्हणजे आदिवासींच्या, चित्रपट महोत्सवाला जा. मोठा, पूर्ण लांबीचा चित्रपटच हवा असेल तर सप्टेंबरमधल्या टिफपर्यंत (टोरोंटो आंतरराष्ट्रीय चित्रपट महोत्सव) थांबलात तरी फारसं बिघडत नाही. टोरोंटो, ब्रॅम्प्टन, मिसिसागाकडच्या ज्यांना वर्षातून एकच महोत्सव जमतो, त्यांच्यासाठी आमचं मत एवढंच. कारणं पुढे.

इमॅजिननेटिव्ह २००० पासून भरतो. २०२३ पर्यंत तो ऑक्टोबरात व्हायचा, २०२४ पासून जूनच्या पहिल्या पंधरवड्यात आला. त्यामुळे जुन्या लेखांवर विसंबून रजा टाकू नका. मुख्य ठिकाण टिफ लाइटबॉक्स, म्हणजे टिफचीच इमारत. इथे हमखास घोळ होतो: टिफच्या संकेतस्थळावर शोधत बसू नका, तिकिटं इमॅजिननेटिव्हच्या संकेतस्थळावरून काढा.

खरा फरक निवडीत आहे. इमॅजिननेटिव्हमध्ये चित्रपटाच्या कर्त्या मंडळींत, म्हणजे दिग्दर्शन, लेखन, निर्मिती करणाऱ्यांत, मूळनिवासी असावे लागतात. नुसता विषय मूळनिवासींचा असून भागत नाही. टिफला अशी अट नाही. तिथे शेकडो चित्रपटांच्या यादीत मूळनिवासींनी केलेला आणि त्यांच्यावर दुसऱ्याने केलेला चित्रपट शेजारी शेजारी असतो. निवड तुम्हीच करायची. आदिवासींची गोष्ट बहुतेक वेळा इतरांच्या कॅमेऱ्यातून पाहत आलेल्या आपल्यासारख्या प्रेक्षकाला हा फरक पहिल्याच खेळात जाणवतो.

मोठे चित्रपट नंतर कुठे ना कुठे भेटतात. डॅनिस गूले एकेकाळी इमॅजिननेटिव्हच्या कार्यकारी संचालक होत्या. त्यांचा पहिला मोठा चित्रपट २०२१ मध्ये बर्लिनला आणि मग टिफला दाखवला गेला. लघुपटांचं तसं नाही. पाच-सात लघुपट एकत्र गुंफलेला दीड तासाचा खेळ पुन्हा तसाच्या तसा लागत नाही. एकाच बैठकीत इनुक्टिटुट, क्री, माओरी अशा भाषा इंग्रजी उपशीर्षकांसह ऐकायला मिळू शकतात. निवडही कसून होते: लाइव्ह-अ‍ॅक्शन लघुपटांच्या ऑस्करसाठी हा पात्रता देणारा महोत्सव आहे. दिवसात असे दोन खेळ पुरेत. मध्ये किमान पाऊण तास मोकळा ठेवा, कारण सुरुवातीचं स्वागत आणि शेवटची प्रश्नोत्तरं धरून खेळ लांबतो. लागोपाठची तिकिटं काढणारे नेमक्या प्रश्नोत्तरांतून उठून पळतात.

टिफमध्ये झगमगाट जास्त, तिकीट महाग, आणि विक्रीत सदस्य आधी. तिकीट संपलं तर ‘रश’ची रांग: रिकाम्या उरलेल्या खुर्च्या अगदी शेवटच्या मिनिटांत देतात, तासभर उभं राहून रिकाम्या हाती परतायची तयारी हवी. इमॅजिननेटिव्हमध्ये एवढी ओढाताण सहसा नसते.

इमॅजिननेटिव्हचा ऑनलाइन आठवडा थिएटरमधला महोत्सव संपल्यावर सुरू होतो. ऑटावा किंवा कॅलगरीत असाल तर तोच सोयीचा. पण वितरकाने परवानगी न दिलेले चित्रपट त्यात नसतात, आणि बरेचसे फक्त कॅनडातच उघडतात. पुण्याच्या बहिणीला लिंक पाठवून उपयोग नाही. व्हीआर (आभासी वास्तव) आणि मांडणीशिल्पं तर घरी पाहताच येत नाहीत.

त्यासाठी ‘आर्ट क्रॉल’ची संध्याकाळ गाठा. ती बहुतेकदा ४०१ रिचमंड या स्पॅडिनाजवळच्या जुन्या कारखान्याच्या इमारतीत असते. एका दालनातून दुसऱ्यात जायचं, कलाकार स्वतः बोलतात, प्रवेश फुकट. लाइटबॉक्सपासून चालत दहा-बारा मिनिटं. गाडी नेऊ नका, त्या भागात पार्किंग तिकिटाहून महाग पडू शकतं. गो ट्रेनने युनियनला उतरून किंग-जॉनच्या कोपऱ्यावरच्या लाइटबॉक्सपर्यंत पंधरा मिनिटांत चालत पोचता. सबवेचं जवळचं स्थानक सेंट अँड्र्यू.

मुलांना नेणार असाल तर प्रत्येक खेळाची सूचना वाचा. मूळनिवासी मुलांना घरापासून तोडून ठेवलेल्या निवासी शाळांमधले अत्याचार, हरवलेल्या मूळनिवासी बायका-मुली हे विषय वारंवार येतात आणि लघुपटांच्या खेळात हलक्या विनोदी तुकड्यानंतर अचानक समोर उभे राहतात.

पार्श्वभूमी अजिबात नसेल तर आधी कॅनडाच्या नॅशनल फिल्म बोर्डच्या संकेतस्थळावर अॅलनिस ओबोमसाविन यांचा १९९३ चा ‘कानेहसाताके’ हा माहितीपट मोफत पाहा. जवळपास दोन तासांचा आहे. गोल्फ मैदान वाढवण्यावरून १९९० मध्ये मोहॉक हे मूळनिवासी लोक आणि आधी पोलीस, मग सैन्य असे ७८ दिवस आमनेसामने कसे राहिले, ते त्यात आहे, आणि जूनमधल्या प्रश्नोत्तरांत ‘ओका’ हे त्या संघर्षाच्या गावाचं नाव कुणी समजावून न सांगताच घेतलं जातं.