१९८४च्या शेव्हरोले सी-१० पिकअपला मागे डिस्क ब्रेक: अकरा महिने वापरल्यानंतर

टेक्सासमधल्या ऑस्टिनच्या पश्चिमेला टेकड्यांमधले बरेच आडरस्ते ओढ्यावरून पुलाने जात नाहीत, ओढ्यातूनच जातात. आपल्याकडे गावाबाहेर फरशी असते ना, अगदी तशा. पाणी जोरात वाहत असेल तर मी सरळ गाडी वळवतो, त्यात हयगय नाही. पण २०२४च्या मे महिन्यात पाऊस थांबून दोन दिवस झाले होते, फरशीवर जेमतेम चार बोटं पाणी होतं, म्हणून गाडी काढली. पलीकडे छोटा चढ, लगेच उतार आणि खाली थांबायची पाटी. ब्रेक दाबला तर मागून काहीच लागलं नाही. पुन्हा दाबला, आणि मागचं डावं चाक असं काही पकडलं की गाडीची शेपूट बाजूला सरकली. समोरून कोणी येत नव्हतं म्हणून निभावलं.

मागे मूळचे ड्रम ब्रेक होते, म्हणजे चाकाबरोबर फिरणारं डबडं आणि त्याला आतून घासणारे शू; शूवर लायनरचा थर, आणि शू ढकलतात ते सिलिंडर. लायनर चांगले होते, सिलिंडर गळत नव्हते. ड्रममध्ये पाणी शिरलं की ते आतच राहतं आणि लायनर कोरडे होईपर्यंत ब्रेकचा भरवसा नसतो. त्यातून या ड्रमची रचना अशी की शू फिरत्या ड्रमबरोबर ओढला जाऊन स्वतःच आणखी आवळला जातो. कोरड्यात हा गुण आहे, पायाला जोर कमी लागतो. पण एक बाजू आधी सुकली की तेवढंच चाक पकडतं. त्या दिवशी घरी येऊनच ठरवलं, मागे डिस्क बसवायच्या, म्हणजे उघडी चकती, जिला दोन्ही बाजूंनी पॅड चिमटतात.

काम नोव्हेंबरमध्ये काढलं. किटचे साधारण सहाशे डॉलर गेले. व्हॉल्व्ह, होज, ॲक्सल सील, डिफरन्शियलचं (मागच्या ॲक्सलमधल्या गिअरपेटीचं) ८०डब्ल्यू-९० तेल धरून नऊशेच्या पुढे. मला दोन शनिवार-रविवार लागले. या गाडीत ॲक्सल बाहेर काढल्याशिवाय ड्रममागची प्लेट निघत नाही, म्हणजे डिफरन्शियल उघडावंच लागतं. झाकणाचे दहा बोल्ट, तेल परातीत, मग आतल्या आडव्या पिनचा लॉक बोल्ट. हा बोल्ट तुटण्यासाठी प्रसिद्ध आहे. आदल्या रात्री गंज सोडवणारं तेल मारून ठेवा आणि सहा कडांचा पानाच लावा. माझा कुरकुरला, पण आला. पिन सरकवून ॲक्सल आत ढकलला की त्याला अडवून धरणारी सी-क्लिप पडते आणि ॲक्सल अलगद हातात येतो. एवढं उघडलंच आहे तर सील बदलून टाका. वीस-तीस डॉलर वाचवायला गेलात तर गिअर ऑइल नव्या पॅडवर येईल.

एक चूक माझ्याकडून झाली. कॅलिपर, म्हणजे पॅड डिस्कवर दाबणाऱ्या पकडी, डावे-उजवे उलटे बसवले. बसतात बिनबोभाट, फक्त हवा काढायचा निपल खाली येतो आणि हवा वरच कोंडून राहते. रविवारी दुपारभर बायको पेडल मारतेय, मी खाली झोपून नळी धरलीय, दोन बाटल्या ब्रेक ऑइल संपलं, तरी पेडल स्पंजासारखं. शेवटी तीच म्हणाली, "अरे, हवा वर जाते, मग तुझा निपल खाली कसा?" कॅलिपर अदलाबदल केले आणि वीस मिनिटांत पेडल कडक झालं.

पुढचा प्रश्न दाबाचा. पहिले काही आठवडे मी पुढच्या-मागच्या ब्रेकना दाब वाटून देणारा मूळचा व्हॉल्व्ह ठेवला होता, पुढे डिस्क आणि मागे ड्रम यासाठीचा. गाडी ठीक थांबायची, म्हणून मी खूश. मग एकदा उतार उतरून आल्यावर तापमापक गन लावली. पुढच्या डिस्क जवळपास ३०० फॅरनहाइट, मागच्या शंभरच्या थोड्या वर. म्हणजे मागचे ब्रेक नुसते शोभेला! डिस्कला ड्रमसारखी स्वतःहून आवळण्याची मदत नसते, तिला दाब जास्त लागतो, आणि जुना व्हॉल्व्ह मागचा दाब कापत होता. दोन्हीकडे डिस्क असतानाचा व्हॉल्व्ह आणला आणि मागच्या लाइनीत हाताने फिरवून मागचा दाब कमी-जास्त करायचा प्रपोर्शनिंग व्हॉल्व्ह टाकला. रिकाम्या मैदानात बायको बाहेर उभी राहून बघत होती की कुठलं चाक आधी लॉक होतं. मागचं आधी व्हायला लागलं तिथून दोन फेरे मागे घेतले. हे करणं टाळू नका. रिकाम्या पिकअपला मागे वजनच नसतं, मागची चाकं आधी अडकली तर मी जो प्रसंग पाहिला तोच पुन्हा, आणि या वेळी कोरड्या रस्त्यावर.

खरा त्रास हँडब्रेकचा. मी ज्या कॅलिपरमध्येच हँडब्रेकची यंत्रणा असते तसे घेतले, कारण आमचा ड्राइव्हवे उताराचा आहे. मार्चमध्ये पेडल हळूहळू खाली जायला लागलं. पुन्हा हवा काढली, काही नाही. पेडल दाबल्यावर तेलात दाब तयार करणारा मास्टर सिलिंडर बदलायच्या बेतात होतो. शेजारचे एक निवृत्त मेकॅनिक आले, पेडल दाबून बघितलं आणि विचारलं, हँडब्रेक रोज लावतोस का? लावत नव्हतो, नुसता गिअर पार्कमध्ये टाकून उतरायचो. या कॅलिपरमध्ये पॅड झिजेल तसा त्याला दाबणारा पिस्टन पुढे येतो तो हँडब्रेकच्या हालचालीनेच. त्यांनी गाडीखाली जाऊन कॅलिपरवरचा हँडब्रेकचा लिव्हर हाताने मागेपुढे केला, टक, टक, टक, आणि पेडल जागेवर आलं. तेव्हापासून प्रत्येक वेळी उतरताना हँडब्रेक. किटच्या कागदावर याचा एक शब्द नव्हता, आणि याचा मला राग आहे.

जूनमध्ये उजव्या बाजूची केबल एका वळणावर अडकून लिव्हर पूर्ण परत येईना. हायवेवर जळका वास, उतरून बघितलं तर उजवी डिस्क निळसर. केबल मोठ्या वळणाने नेली, परतीची स्प्रिंग जड टाकली, डिस्क बदलली. त्यानंतर तक्रार नाही. १ जानेवारी २०२५ पासून टेक्सासने खासगी गाड्यांची वार्षिक सुरक्षा तपासणी बंद केली आहे, त्यामुळे अशा गोष्टी दुसरा कोणी येऊन पकडणार नाही. महिन्यातून एकदा मी चारही चाकं उचलून हाताने फिरवून बघतो.

आता फरक काय पडला? कोरड्या रस्त्यावर, रिकाम्या गाडीला, थांबायचं अंतर मला कमी झालेलं जाणवत नाही. बहुतेक काम पुढचे ब्रेकच करतात. टोयोटाने टॅकोमा पिकअपला २०२३ पर्यंत मागे ड्रमच दिले होते, ते काही उगीच नाही. पायाला जोर किंचित जास्त लागतो. पण पाण्यातून निघाल्यावर पहिल्याच दाबाला ब्रेक लागतो, दोन्ही बाजूंना सारखा. ऑगस्टअखेर गणपतीला मंडळाचं मखर, सहा ढोल आणि पाट-चौरंग भरून २२२२ नंबरच्या रस्त्याने आलो. तो वळणावळणाचा, उताराचा रस्ता. गाडी मागून बसली होती, स्प्रिंगचे पाटे सपाट झाले होते, आणि खालच्या सिग्नलपर्यंत पेडल उताराच्या सुरुवातीला होतं तसंच होतं. ड्रम असताना त्याच रस्त्यावर शेवटच्या दोन वळणांना ब्रेक तापून पेडल लाकडासारखं व्हायचं, दाबलं तरी ब्रेक नीट लागायचा नाही.

ज्यांची गाडी सपाट, कोरड्या गावात रिकामीच फिरते त्यांनी नवे लायनर, नवे सिलिंडर घालावेत आणि ड्रम नीट ॲडजस्ट करावेत. हे ड्रम रिव्हर्समध्ये ब्रेक मारल्यावरच आपोआप ॲडजस्ट होतात, तेवढं लक्षात ठेवलं तरी फरक पडेल. पाणी, उतार आणि ओझं हे तिन्ही असतील तर मात्र मी डिस्कच सांगेन.

आतापर्यंत ६,२०० मैल झाले, म्हणजे सुमारे १० हजार किलोमीटर. मागचे पॅड निम्म्याहून जास्त शिल्लक आहेत. डाव्या केबलचं आवरण पाट्याच्या क्लॅम्पला घासायला लागलंय, ते थंडी पडायच्या आत बदलायचं आहे.