घरचा बायोगॅस, ८ महिन्यांनंतर: ड्रम टम्म फुगलाय पण शेगडी पेटेना

आधी कबूल करतो, बायोगॅस मी चुकीच्या कारणासाठी घेतला. तेल आता संपत आलंय हे लहानपणापासून ऐकत आलोय, म्हटलं सिलिंडर मिळेनासा व्हायच्या आत आपली सोय बघावी. १००० लिटरचा, वर तरंगता ड्रम असलेला डायजेस्टर, म्हणजे कचरा कुजवून गॅस करणारी बंद टाकी, बसवला.

शेणकाला भरला आणि मग नुसती वाट बघणं. आठव्या दिवशी ड्रम वर आला, मी घाईघाईने काडी ओढली, ढिम्म काही नाही. सुरुवातीचा गॅस म्हणजे बहुतेक कार्बन डायऑक्साइड आणि आतली हवा, तो पेटवायच्या भानगडीत न पडता मोकळा सोडून द्यायचा असतो, हे बसवणाऱ्याने सांगितलंच नव्हतं. तीन आठवड्यांनी ज्योत धरली. इतकी फिकी निळी की भर दिवसा दिसतच नाही, पेटलंय की नाही ते आचेवरून ओळखायचं.

आता रोज साधारण ३ किलो ओला कचरा, तितकंच पाणी, आणि एक बर्नर तासभर चालतो. १ घनमीटर बायोगॅस म्हणजे एलपीजीच्या हिशोबात साधारण ०.४५ किलो, माझा रोजचा गॅस त्याच्या तिसऱ्या हिश्श्याच्या आसपास, म्हणजे महिन्याला कसाबसा साडेचार किलो. त्यामुळे सिलिंडर परत करा म्हणणाऱ्यांचं ऐकू नका. आणि एलपीजीची शेगडी तशीच जोडू नका, या गॅसला प्रेशर कमी आणि जळणारा मिथेन फक्त ५५-६० टक्के, जेटचं, म्हणजे शेगडीत गॅस सोडणाऱ्या तोंडाचं, भोक मोठं लागतं.

खरी फजिती झाली चौथ्या महिन्यात. घरी पाहुणे होते, उरलंसुरलं सगळं, बादलीभर, एकदम आत ढकललं. दुसऱ्या दिवशी ड्रम टम्म, मी खूश, आणि शेगडी काही पेटेना! झाकण उघडलं तर आंबूस वास, पीएच पेपर ५.५ दाखवतोय (७ च्या खाली म्हणजे आम्ल). आतले जे जंतू अन्न फोडून आम्ल करतात ते धडाधड वाढतात, आम्लाचा मिथेन करणारे मात्र हळूबाई, त्यांना पीएच ७ च्या आसपासच लागतो, आम्ल साचलं की ते बसतात संपावर. १२ दिवस उपास घडवला, थोडी चुन्याची निवळी, ताजा शेणकाला, तेव्हा कुठे गाडी रुळावर आली. हे मशीन नाही हो, पोट आहे, रोज ठरावीक वेळी बेताचं खाऊ घालायचं. लिंबूवर्गीय सालं तर अजिबात नाही.

थंडीत गॅस निम्म्यावर. या जंतूंना ३५ डिग्रीच्या आसपास ऊब लागते, कोमट पाणी घालून थोडा फरक पडला, फार नाही. ज्योत भकभक करायला लागली तर नळीत पाणी साचलंय समजा, सगळ्यात खालच्या जागी पाणी काढायची तोटी हवीच. सडक्या अंड्यासारखा वास हायड्रोजन सल्फाइडचा, नळीत लोखंडी किसाची डबी बसवल्यावर बराच गेला.

त्या १२ दिवसांत हात रिकामे होते म्हणून तेलाचं वाचत बसलो. हबर्ट नावाच्या भूगर्भतज्ज्ञाने १९५६ मध्ये सांगितलं होतं की अमेरिकेचं तेल उत्पादन १९७० च्या आसपास शिखर गाठून उतरेल. १९७० ला शिखर आलं, उतारही लागला, लोकांनी त्याला डोक्यावर घेतलं. मग शेल नावाच्या खडकातून तेल काढायला लागले आणि २०१८ ला जुना विक्रमच मोडला, २०२३ मध्ये तर दिवसाला सरासरी १.२९ कोटी बॅरल. कोळशाचंही तेच, जगाचं उत्पादन २०२३ ला तोवरच्या विक्रमावर. आणि एलपीजी येतो रिफायनरीतून नाहीतर गॅसच्या विहिरीतून, म्हणजे माझा सिलिंडर इतक्यात कुठे जात नाही. आणि मी तर बायोगॅस तेल संपेल म्हणूनच घेतलेला, डोक्याला हात लावून बसलोच होतो दोन दिवस.

तरी ठेवलाय. का, तर हाच कचरा ढिगाऱ्यात सडला की मिथेन तिथेही होतोच, आणि १०० वर्षांच्या हिशोबात तो कार्बन डायऑक्साइडच्या साधारण २८ पट तापवतो, इथे निदान जळून तरी जातो. आणि स्लरी, म्हणजे गॅस होऊन गेल्यावर बाहेर पडणारा पातळ काला, तिच्यावर कुंड्यांनी जे रूप धरलंय ते बघण्यासारखं आहे. पण मग गळती चालत नाही, नाहीतर सगळंच मुसळ केरात. परवा सगळ्या जोडांना साबणाचं पाणी लावलं, व्हॉल्व्हच्या मानेशी एक बारीकसा फुगा येतोय, फुटतोय, परत येतोय. किती दिवस गळत होतं कोण जाणे. क्लॅम्प आवळला, सकाळी ड्रम चार बोटं जास्त वर.