जुन्या घराच्या भिंती: चुना की प्लास्टिक पेंट?

ठाण्यात नौपाडा, चरईकडच्या ज्या जुन्या घरांत अजून चुन्याचा गिलावा शिल्लक आहे, तिथली भिंत जूनपासून ४ महिने ओल पिते आणि दिवाळीपर्यंत ती हळूहळू सोडत बसते. रंग घरच्या घरी द्यायचा असेल तर आधी हे लक्षात घ्या.

प्लास्टिक पेंट दिसायला देखणा. पुट्टी, प्रायमर, वर दोन हात. रोलर फिरवता आला की झालं. पोरांच्या रेघोट्याही ओल्या फडक्यानं जातात. पण त्याचा थर ओल कोंडून ठेवतो. मग खिडकीखाली आधी फुगा येतो, बोट लावलं की पापुद्रा सुटतो आणि मागे पांढरं पीठ दिसतं. ते क्षार.

चुना ओलीला वाट देतो आणि त्यावर बुरशीही सहसा धरत नाही. कळीचा चुना विरताना पाणी अक्षरशः उकळतं, त्यामुळे विरवलेलाच आणा. डोळ्यांना चष्मा, हातात मोजे हवेतच. भिंत भिजवून घ्या, चुना दुधाइतका पातळ कालवा आणि ब्रशनं तीन पातळ हात द्या. ओला असताना काहीच लागला नाही असं वाटतं. सुकला की पांढरा उठतो. तोटा एकच, पाठ टेकली की शर्ट पांढरा! आधीचा ऑइल पेंट असेल तर मात्र तो पुरता खरवडावा लागतो, आणि खरी कंबर त्यातच मोडते.

मी पावसाच्या अंगाच्या भिंतींना चुनाच देईन. आतल्या कोरड्या भिंतींना पेंट खुशाल चालेल. छत गळत असेल तर आधी ते बघा, नाहीतर दोन्ही पाण्यात.