चार माणसांचा टेन्ट, आठ महिने आणि आपलं जळगावचं ऊन

ऑक्टोबरमध्ये साडेसहा हजाराला घेतला, डबल लेयरवाला. आधीच सांगतो, चार माणसांचा म्हणजे चौघं एका कुशीवर झोपले तर, आम्ही दोघं आणि पोरगं एवढ्यातच फुल होतो, बॅगा गाडीत.

खरी परीक्षा डिसेंबरात तोरणमाळला झाली. सकाळी सहाला जळगाव सोडलं, चोपडा, शिरपूर, शहादा असं बऱ्हाणपूर-अंकलेश्वर रोडने, दोनशेच्या वर किलोमीटर पण अर्धा वेळ केळीच्या ट्रकामागे नाहीतर उसाच्या ट्रॉलीमागे, त्यात शिरपूरला शेवभाजीला थांबलो तर हॉटेलवाला टपावरचं सामान बघून म्हणे, "घर सोडीसन तंबूमा कसाले झोपतस भो?" बायको म्हणाली, मी पण तेच विचारतेय. घाट चढून यशवंत तलावाजवळ पोचेपर्यंत उन्हं कलली.

एका घरी विचारून त्यांच्या अंगणात लावला. दहा मिनिटात उभा राहतो, तिथे तक्रार नाही. पण सोबतच्या खुंट्या एकदम फालतू, मुरुमात दोन ठोके मारले की वाकल्या, शेवटी दोऱ्यांना दगड बांधले. (आता लोहाराकडून सळईच्या करून घेतल्यात, ८ एमएम.) रात्री थंडी कडक म्हणून सगळ्या खिडक्या बंद केल्या आणि पहाटे तोंडावर टपटप, वाटलं गळतोय, पण ते आपल्याच श्वासाचं पाणी. कितीही गारठा असो, वरची जाळी उघडी ठेवा.

मार्चमध्ये यावलकडे मित्राच्या मळ्यात होतो तेव्हा अवकाळी आला, शेजारची केळी आडवी झाली पण टेन्टमध्ये थेंब नाही! पैसे तिथेच वसूल झाले. मग मी माती खाल्ली, घाईत ओलाच गुंडाळला आणि घरी पत्र्याखालच्या माळ्यावर टाकून विसरलो. मे महिन्यात बाहेरच ४५ डिग्री, पत्र्याखाली काय असेल विचार करा. काढला तर फ्लायचं, म्हणजे वरच्या पावसाच्या कापडाचं, आतलं कोटिंग चिकट, पापुद्रे निघताहेत, वास तर विचारूच नका. पीयू म्हणजे पॉलियुरेथेन, पाणी अडवणारा थर; त्या कोटिंगला ओल आणि उष्णता एकत्र मिळाली की ते असंच सडतं म्हणे, हे मला नंतर कळलं. कंपनीने वॉरंटीत बसत नाही म्हणून हात वर केले. चूक माझीच, पण पिशवीवर एवढी एक ओळ छापायला काय जात होतं?

जाळी, पोल, खालचं कापड अजून नव्यासारखं आहे. फक्त फ्लाय वेगळा मिळेल का विचारलं तर दुकानदार म्हणतो पूर्ण टेन्टच घ्या.